आबांच्या उशाशी मल्टिप्लग

६ जानेवारी २०२५, सोमवार. पलूस.

डॉक्टरांनी आबांच्या ऑक्सिजनचे आकडे रोज लिहून ठेवायला सांगितले आहेत, म्हणून ही डायरी घेतली. दुपारी ९०, संध्याकाळी ९१. आकड्यांखाली पान रिकामं राहतं आणि मला रिकामी जागा बघवत नाही.

आबांना आज सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. तिथे बारा दिवस होते. त्यांची फुप्फुसं कडक झाली आहेत, ती पुन्हा मऊ होणार नाहीत, घरीच मशिनवर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा करतं. नळी नाकाला. आणून देणारा माणूस म्हणाला, व्होल्टेज एकदम वाढलं की आतलं कार्ड जळतं, सांभाळा. लाइट गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात छोटा सिलिंडर ठेवून गेला. डॉक्टरांनी आणखी सांगितलं ते असं: जास्त बोलायला लावायचं नाही. धूळ, लोकर, मेंढरं यांच्याजवळ न्यायचं नाही. आणि बोलणं भरकटायला लागलं, गावं आणि दिवस चुकायला लागले, तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय असं समजायचं.

हे सगळं मी कागदावर सुवाच्य लिहून भिंतीला चिकटवलं. आईला वाचता येत नाही. तिला वाचून दाखवलं.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी ९१. संध्याकाळी ८२.

कामावरून सात वाजता आलो तर मशीन बंद. आबा खाटेवर बसलेले, नाकात नळी तशीच आणि कानाला फोन. आमच्या दोन खोल्यांत चालणारं सॉकेट एकच आहे, आबांच्या उशाशी. स्वयंपाकघरातलं गेल्या पावसाळ्यात जळालं, घरमालक करतो म्हणतो. आबांनी मशिनची पिन काढून तिथे फोनचा चार्जर लावला होता. त्यांच्या फोनची बॅटरी थकली आहे, चार्जिंगला असेपर्यंतच चालतो.

"आबा, मशीन कशाला काढलं?"

"भाऊसोशी बोलत हुतो."

"श्वास बंद करून?"

"श्वास चालूच हाय की. ह्यो बघ."

भाऊसो म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, माझे आप्पा. आमची मेंढरं आता ते सांभाळतात. आमच्यात वाडा म्हणतात तो घर नव्हे. मेंढरं, घोडी, पालं, बायका-पोरं, सगळ्यांचा फिरता मुक्काम. दसऱ्यानंतर वाडा पलूसवरून कराड, उंब्रज करत पाटणच्या डोंगराकडे जातो आणि शिमगा झाल्याशिवाय माघारी फिरत नाही. आबांनी सगळा जन्म ही वाट केली. मीही लहानपणी केली. म्हणून माझी शाळा तुकड्यातुकड्यांत झाली आणि नववीत संपली.

आता मी पलूसमध्ये ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात टाइप करतो. नावात एक काना चुकला तर माणूस वर्षभर हेलपाटे घालतो. त्यामुळे मी चुकत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

९०, ८९, ९०.

उपाय सरळ आहे. सॉकेटमध्येच बसेल असा मल्टिप्लग घ्यायचा. त्यात मशीनही लागेल आणि फोनसाठी यूएसबीही असेल. सर्ज प्रोटेक्शन असलेला, म्हणजे वाढलेला दाब तो स्वतःवर घेईल आणि मशीन वाचेल.

वायरमन जयराजला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून आत बघितलं.

"ह्यात अर्थिंगच न्हाई. तिसऱ्या भोकात नुसता कोळी ऱ्हातोय."

"मग सर्जवाला लावला तर?"

"आलेला दाब त्यो ढकलणार कुठं, मल्हारा? जमिनीत. आन् जमिनीकडं वाटच न्हाई. आदी परड्यात पाइप मारू, मीठ-कोळसा घालू. मग लाव काय लावायचं ते. तवर साधा मल्टिप्लग देतो माझ्याकडचा, फोनपुरता."

मी त्याचा मल्टिप्लग हातात घेऊन बघितला. एका बाजूने प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. ऑक्सिजनच्या नळीपासून एका हातावर असलं काही लावायला मन धजेना. परत दिला.

आबा खाटेवरून म्हणाले, "लाव की. काय हुतंय."

११ जानेवारी, शनिवार

९०, ८८, ८९.

अर्धी सुट्टी घेऊन सांगलीला गेलो. चार दुकानं बघितली. जाताना प्रश्न लिहून नेले होते. दाब किती जूल झेलतो? यूएसबीला आणि मशीनला वेगळी वाट आहे का? अर्थिंग जोडलं आहे की नाही हे दाखवणारा दिवा आहे का? मशीनची पिन जाड आहे, ती लागल्यावर शेजारचं भोक झाकलं जाईल का? वजनाने सॉकेट सैल होईल का?

तिसऱ्या दुकानात बराच बरा एक मिळाला. तीन भोकं, दोन यूएसबी, दिवा. पण खोक्यावर जूल छापलेले नव्हते.

"तुम्ही इंजिनियर का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. नववी."

"मग घ्या आणि लावा. मीही घरी हाच वापरतो."

छापलेलं नाही ते मी कसं मानू? नाही घेतला. संध्याकाळी मोबाइलवर आणखी सहा बघितले, त्यांतले दोन निवडले. एकाला जूल जास्त, पण दिवा नाही. दुसऱ्याला दिवा आहे, पण जूल कमी. उद्या ठरवतो.

आबांनी जेवताना एकदम विचारलं, "मला एकडाव वाड्यावर नेतोस? उंब्रजात हायत. गाडी करू."

मी समजावलं. तिथे वीज नाही, मशीन कुठे लावणार? शिवाय मेंढरांची धूळ, लोकर. भिंतीवरचा कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग आईकडे. ऐकलं म्हणजे पटलं असावं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

८९, ८४, ८८.

पुन्हा मशीन काढलेलं सापडलं, तिसऱ्यांदा. मी दारात आलो तेव्हा आबा फोनवर म्हणत होते, "इचार करू नगंस. फीर तू." वाड्याला पुढच्या मुक्कामाला निघायला सांगत असावेत. आता उंब्रजहून पाटणच्या रस्त्याला लागायचीच वेळ झाली आहे. बोलून झाल्यावर दहा मिनिटं खोकत होते. आई पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसण्याऐवजी भलतंच काहीतरी दिसलं, जणू लग्न ठरलंय घरात.

तिळगूळ आबांनी जिभेवर ठेवला फक्त.

आता उशीर करून चालणार नाही. दोन मल्टिप्लगांचे सगळे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलंय, चार महिन्यांत यूएसबी बंद पडलं. दुसऱ्याने लिहिलंय, उत्तम. कुणाचं खरं धरायचं?

१६ जानेवारी, गुरुवार

८९, ८८, ८८.

शेवटी तिसराच मागवला. दिवाही आहे, जूलही छापलेले आहेत, दोन यूएसबी. पुण्याहून निघेल. जयराजने परड्यात पाइप मारला. आईने खड्ड्यात दोन कळशा पाणी ओतलं.

"मागवलास एकदाचा?" जयराज म्हणाला. "मला वाटलं पोरगी बघतोयस. उंची किती, शिक्षाण किती, दिवा लागतो का."

आबा हसले. हसताना नळी सरकली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आज कराडच्या अलीकडं."

"कोण?"

"वाडा."

मी आकडा बघितला, ८८. वाडा आतापर्यंत पाटणच्या बाजूला असणार. आबांना गावांचा क्रम आमच्या सगळ्यांपेक्षा पाठ आहे. ते चुकतात म्हणजे काय समजायचं? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन लिटरवरून तीन करा, बोलू देऊ नका. तीन केले. डायरीत नोंद: भ्रम सुरू, दि. १६.

१८ जानेवारी, शनिवार

८८, ८३, ८७.

पार्सल साताऱ्याला पोचलं. दुपारी दोन वाजता बघितलं, चारला बघितलं, सहाला तिथेच.

आबा आज म्हणाले, "शेणोली." एवढंच, आणि हसले. कराडनंतर शेणोली, म्हणजे पलूसच्या दिशेने, गावं उलटी यायला लागली. वाडा शिमग्याआधी मागे फिरल्याचं मी कधी ऐकलं नाही, आबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं की मागे फिरलेल्या वाड्याला त्या साली चारा मिळत नाही. नोंद: भ्रम वाढला.

आईचंही चित्त ठिकाणावर नाही. पलीकडच्या शेतकऱ्याकडे जाऊन त्यांचं ऊस तुटलेलं रान कधी नांगरणार, असं विचारून आली. आपल्याला काय करायचंय म्हटलं, तर म्हणाली, "आसंच."

दुपारी मशीन पुन्हा अर्धा तास बंद होतं. मी चार्जर आणि फोन दोन्ही माझ्या पिशवीत टाकले.

"आबा, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. मल्टिप्लग आला की दोन्ही एकदम चालतील. मग बोला हवं तेवढं."

"आज ऱ्हाऊ दे की. उद्या ने."

"नको आबा."

त्यांनी हात पुढे केला होता, तो थोडा वेळ तसाच राहिला.

२० जानेवारी, सोमवार

८७, ८६, ८६.

पार्सल कराड सोडून थेट सांगलीला गेलं. पलूसवरूनच गेलं असेल. आता सांगलीहून उलटं येईल.

आबांचा फोन दुकानात माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. चार्ज केला, पण बंदच ठेवला. वाजला तर लक्ष जातं आणि फॉर्म चुकतो.

संध्याकाळी आई म्हणाली, "तुज्या फोनवरनं तरी भाऊसोला लाव."

"कशाला?"

"कुटं हाय इचारायचं."

"आई, ते डोंगरात असतील, रेंज नसेल. आणि आबांना बोलायची मनाई आहे."

ती आबांकडे बघत राहिली. आबांनी मान हलवली, नाही अशी. मला बरं वाटलं. निदान त्यांना तरी पटतंय.

खाट फिरवून दाराकडे तोंड करा म्हणाले. नळी तेवढी लांब आहे, केली.

२१ जानेवारी, मंगळवार

८६, ८५, ८५. चार लिटर. पार्सल सांगलीतच. तक्रार नोंदवली, दोन वेळा.

आबा दिवसभर रस्त्याकडे बघत पडून होते. जेवले नाहीत. गावाचं नाव एकही घेतलं नाही. भ्रम कमी झाला असावा.

२२ जानेवारी, बुधवार

८५, ८४, ८५.

आला. दुपारी बारा चाळीसला. मालकांना सांगून धावत घरी गेलो. जयराजही आला. सॉकेट बदललं, अर्थिंगची वायर ओढली, मल्टिप्लग बसवला आणि हिरवा दिवा लागला. मशीनची जाड पिन नीट बसली. यूएसबीला फोन लावला. शेजारचं भोक मोकळं राहिलं, अगदी मी मोजलं होतं तसं. जयराज म्हणाला, "झालं बाबा लगीन," आणि निघताना आबांच्या पायाला हात लावून गेला. का, ते कळलं नाही. तो कधी तसं करत नाही.

बऱ्याच दिवसांनी मला छातीत मोकळं वाटलं. आता मशीन काढायची कुणाला गरज नाही.

फोन चालू केल्याबरोबर आबांनी मागितला. मीच लावून कानाला धरला. त्यांना बोलणं जमेना. एवढंच म्हणाले, "किती?" मग बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडे आप्पांचा आवाज चढलेला होता, शब्द कळत नव्हते. फोन ठेवल्यावर आबांनी मला दोन बोटं दाखवली. मी दुसरी उशी दिली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोन बोटं दाखवली. मी पाणी दिलं, दोन घोट. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला कळलं."

२३ जानेवारी, गुरुवार

आबा गेले. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी.

लाइट गेली नव्हती. व्होल्टेज बरोबर होतं. मशीन चालू होतं, पाच लिटरवर. हिरवा दिवा चालू होता.

मशीन मला बंद करवेना. आईने केलं. त्या बटणाला तिने आधी कधी हात लावला नव्हता.

आप्पांचा फोन दुपारभर लागला नाही. लोक म्हणाले, थांबता येणार नाही. चार वाजता अग्नी दिला.

२४ जानेवारी, शुक्रवार

आकडे नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास घुंगरांचा आवाज आला. दारात बसलो होतो. आधी घोडी दिसली, पाठीवर पालाचं ओझं, मग कुत्री, मग मेंढरं, रस्ता भरून. दीडशेच्या वर असतील. पुढे आप्पा, खांद्यावर काठी आडवी. मला बघून त्यांनी लांबूनच काठी वर केली. मग त्यांचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. माझं डोकं काल भादरलं होतं.

काठी खाली आली.

आई पदर सावरत बाहेर आली. "उशीर झाला, भावजी."

आप्पा तिथेच रस्त्यावर खाली बसले. मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात राहिली, आमच्या दारावरून, एकामागून एक. आई दाराच्या चौकटीला धरून सगळी जाईपर्यंत उभी राहिली. मग मेंढरं हाकून ऊस तुटलेल्या रानात नेली. रान तिने मागून ठेवलेलंच होतं.

आप्पा चहा न पिता सांगत होते. "संक्रांतीला त्यानं सांगितलं, माघारी फीर. एकडाव दारातनं बघतो म्हणला, जवळ नगं, डॉक्टर रागावतोय. दारावरनं जाऊ दे, मग जावा कुटंबी. मी म्हणलं शिमग्याआदी? तर म्हणला, शिमगा मला गावायचा न्हाई. रोज सांगत हुतो, आज हितं, आज हितं. शेणोलीपतूर सांगितलं. टाकारीला आलो आन् फोन बंद."

मी विचारलं, "मग मला का नाही केला?"

"तुला सांगू नगं म्हणला हुता. तू न्हाई म्हणला असतास." आप्पांनी डोळे पुसले. "मागं दवाखान्यात असताना बी फोन बंदच हुता. मला वाटलं, परत सांगलीला नेला. घरात त्यो नसंल तर मेंढरं आणून दावायची कुणाला? म्हणलं, फोन लागंस्तवर बसू हितंच. परवा लागला. दोन मुक्काम ऱ्हायल्यात म्हणलं. काल वाटंतच फोनची चार्जिंग संपली."

दोन मुक्काम.

मी आत येऊन ही डायरी काढली. शेणोली १८ ला, म्हणजे टाकारीला वाडा १९ तारखेला पोचला. पुढे दोन मुक्काम धरले तर २१ तारखेला, मंगळवारी, मेंढरं दारावरून गेली असती. मंगळवारी आबा दिवसभर रस्त्याकडे बघत होते. आकडा ८५ होता. एकेक मेंढरू ओळखलं असतं त्यांनी.

बेरीज तीन वेळा केली.

२६ जानेवारी, रविवार

काल राख सावडली. आज आप्पा रानात एकटे होते, लंगड्या कोकराच्या पायाला हळद बांधत होते. मी जाऊन सांगितलं.

"आप्पा, आबांना दवाखान्यात नेलं नव्हतं. फोन मी काढून घेतला होता. दुकानात ड्रॉवरमध्ये होता. चालू होत होता, मी बंद ठेवला होता."

त्यांनी गाठ पुरी मारली.

"म्हायती हाय. वैनीनं सांगितलं."

मी उभा राहिलो. त्यांनी कोकरू खाली सोडलं. ते दोन पावलं चाललं आणि आपल्या आईकडे, मेंढीकडे गेलं.

"मशीन तू नीट चालीवलंस, आसं बी म्हणाली ती," आप्पा म्हणाले. "एक दिस बी बंद पडू दिलं न्हाईस."

ते रागावले असते तर मला काही बोलता आलं असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

मशीन न्यायला माणूस आला. मल्टिप्लग बघून म्हणाला, "हा चांगला घेतलाय. लोक काहीही लावतात." मी पावतीवर सही केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार. टाकारी.

तेरावा झाला. सुतकाच्या दिवसांत वाडा पलूसच्या आसपासच रानारानांतून फिरत होता. मेंढरांना सुतक नसतं, त्यांना रोज नवं रान लागतं. काल निघाले. आप्पांनी चल म्हटलं नाही, मीच चपला घातल्या. मालकांना चार दिवसांची सुट्टी सांगितली. आई म्हणाली, "जा. म्होरं चाल, मागनं धूळ लागती."

आज दुपारी टाकारीच्या शिवारात आलो. रस्त्याकडेच्या एका रानाजवळ आप्पा जरा थांबले, मग नजर खाली घालून पुढे चालायला लागले. मी विचारलं नाही. कळत होतं. सगळं रान काळंभोर दिसत होतं. खुरांनी माती बारीक झालेली, लेंड्यांचा जाड थर, कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि राख.

रानाचा मालक बांधावरून हाका मारत आला. मानसिंग त्यांचं नाव. आप्पांचा हात धरून त्यांनी सोडलाच नाही.

"भाऊसो, लय उपकार झालं गड्या. मी एका रातीचं बोललो हुतो, तुमी चार राती बसवली. आसलं खत ह्या रानाला कवाच पडलं नव्हतं. औंदा ऊस बघा तुमी." मग माझ्याकडे वळले. "ह्यो कोण? पुतण्या? मग तूच सांग चुलत्याला. म्होरल्या साली बी आशीच चार रात बसवा म्हणावं, आमच्यातच."

आप्पा मेंढरांकडे बघत होते.

मी हो म्हणालो.